फोनो कार्ट्रिज डीमॅग्नेटाइज केल्याने आवाज खरंच सुधारतो का?

बल्काव (फोंडा)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

चवथीच्या आधी आमच्याकडे रेकॉर्ड्स पुसायचा कार्यक्रम असतो. जूनपासून कपाट बंद, त्यामुळे कव्हरांवर पांढरी बुरशी चढलेली असतेच. यंदा रेकॉर्ड्सबरोबर टर्नटेबलकडेही लक्ष गेलं. टेक्निक्सचं एसएल-१२०० आहे, त्यावर डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज (सुई धरणारी छोटी डबी, जी सुईच्या थरथरीची वीज करते), मूव्हिंग कॉइल जातीचं, म्हणजे सुईबरोबर तारेची गुंडाळी हलते ते. पावसाळाभर त्याचा आवाज मनाला येत नव्हता. अभिषेकीबुवांची एलपी लावली की बुवा मधोमध बसायचे ते डावीकडे सरकून बसल्यासारखे वाटायचे. कधी सरकायचे, कधी परत जागेवर. तबला तर शेजारच्या घरात वाजतोय असं वाटायचं.

गेल्या रविवारी इथलाच एक सदस्य (नाव तोच सांगेल) मडगावहून आला, येताना एक छोटी पेटी घेऊन आला. टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) वायरींच्या दोन्ही आरसीए पिना फोनो स्टेजमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रातून) काढल्या, पेटीत खोचल्या, बटण दाबलं. दिवा लागला, अर्ध्या मिनिटात विझला. पिना परत जागेवर. तीच एलपी, तीच बाजू. बुवा मध्ये! तबला घरात! मी उडालोच. माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आता बरं वाजतंय. तिला आम्ही काय केलं ते माहीतही नव्हतं.

पेटीची किंमत ऐकून मात्र पाणी मागितलं. तर प्रश्न असा : हे कार्ट्रिजचं चुंबकत्व घालवणं म्हणजे नेमकं काय, ते खरंच होतं का, आणि मी पेटी घ्यावी का?

गंधार (मडगाव)

तो सदस्य मीच. आईंच्या प्रतिक्रियेनंतर वाद संपायला हवा खरं तर.

मूव्हिंग कॉइलमध्ये तारेच्या बारीक गुंडाळ्या लोहयुक्त गाभ्यावर असतात. तो गाभा वापराने हळूहळू चुंबकित होतो आणि आवाजावर साय धरते. पेटी गुंडाळीतून उलटसुलट प्रवाह सोडते आणि तो कमी-कमी करत शून्यावर आणते. गाभा मोकळा होतो. मी दोन महिन्यांतून एकदा करतो. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याने आधी कानातला मळ काढावा. (ह.घ्या.)

खरखर (म्हापसा)

धागा काढल्याबद्दल बल्काव यांना एक थंड बीअर, माझ्याकडून.

मी तज्ज्ञ नाही, पण डीमॅग्नेटाइज हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. कॉलेजात असताना कॅसेट डेकची हेडं साफ करायचं हातातलं डीमॅग्नेटायझर आणलं होतं, वायर असलेलं, पुढे वाकडं लोखंडी टोक. डेक झाला. मग हात शिवशिवले. बाजूला वडिलांच्या टर्नटेबलवर शुअरचं एम-४४ कार्ट्रिज होतं, मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतं ते. म्हटलं याचंही करून टाकू. टोक बोटभर अंतरावर नेलं तर सुई एकदम घूंऽऽ करून थरथरायला लागली, जाळ्यात सापडलेल्या माशीसारखी. मी घाबरून बटण सोडलं. प्रवाह बंद झाला, पण टोक लोखंडाचं आणि सुईच्या मागे चुंबक. सुई टोकाकडे ओढली गेली आणि कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) आडवा झाला. वडील काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, त्यामुळे आता त्यांची अस्सल सुई शोधणं म्हणजे पावसात लाकडं शोधणं. जपानी जिकोची लावून चालवतोय.

स्पूलवाला (पणजी)

खरखर, तू केलंस ते पाप त्या काळी अनेकांनी केलं. स्टुडिओत आमची हयात टेपमशिनांबरोबर गेली, म्हणून दोन शब्द.

टेपचं हेड डीमॅग्नेटाइज करणं ही अंधश्रद्धा नव्हे. हेड, कॅपस्टन, गाइड, सगळं धातूचं. त्याला थोडं जरी कायमचं चुंबकत्व राहिलं तरी वरून जाणाऱ्या प्रत्येक टेपवरचे वरचे सूर थोडे थोडे पुसले जातात आणि हिस (सूंऽऽ असा आवाज) वाढतो. म्हणून आम्ही नियमाने करायचो. रीतही ठरलेली. टेपा खोलीबाहेर. यंत्र बंद. डीमॅग्नेटायझर हातभर लांब धरून सुरू करायचा, हळूहळू जवळ आणायचा, हेडावरून सावकाश फिरवायचा, तितकाच सावकाश लांब न्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना लाइट गेली तर मेलात. हेड होतं त्याहून जास्त चुंबकित होऊन बसतं. पणजीत पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे आमचा एक सहकारी हे काम करण्याआधी खरोखर देवाला नमस्कार करायचा.

जुने रंगीत टीव्ही आठवतात? चालू केल्याबरोबर आतून ठण्ण आवाज यायचा आणि चित्र थरथरायचं. पिक्चर ट्यूबभोवती डीगॉसिंगची गुंडाळी असायची, ती सुरुवातीला जोरात प्रवाह घेऊन क्षणात शांत व्हायची. तेच तत्त्व.

पण यात एक मेख आहे. पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता जेवायला बसतो.

आबोली (साखळी)

माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५ई आहे. गंधार, तुमची पेटी आठवडाभर मिळेल का? मलाही वरचे सूर जरा दबल्यासारखे वाटतात.

पन्नासहर्ट्झ (डिचोली)

आबोलीताई, थांबा! तुमचं मूव्हिंग मॅग्नेट आहे. त्यात चुंबक हलतं आणि गुंडाळ्या स्थिर. म्हणजे ज्याचं चुंबकत्व घालवायचं म्हणतोय तोच त्या कार्ट्रिजचा प्राण. ४ मिलिव्होल्ट देणारं कार्ट्रिज मुद्दाम कमी करून घ्यायचंय का? असल्या पेट्या विकणारे स्वतःच सांगतात की मूव्हिंग मॅग्नेटला लावू नका. तुमच्या वरच्या सुरांसाठी आधी सुई भिंगाखाली बघा. बहुधा टोकावर कापसाचा पुंजका असेल.

आबोली

बघितली. कापसाचा नाही, मांजराचा आहे. धन्यवाद. लाज वाटली.

स्पूलवाला

जेवून आलो. उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटांची आमटी, त्यामुळे लिखाण सुस्त होणार.

मेख अशी. एखादा तुकडा डीमॅग्नेटाइज करायचा तर त्याला आधी पुरता हलवावा लागतो, म्हणजे मोठं उलटसुलट क्षेत्र द्यायचं आणि मग ते शून्यावर आणायचं. आणि त्या वेळी शेजारी दुसरं चुंबक नको. ही दुसरी अट फार महत्त्वाची. शेजारी चुंबक असेल आणि तुम्ही उलटसुलट क्षेत्र कमी करत आणलंत, तर तुकडा मोकळा होत नाही, उलट शेजारच्या चुंबकाच्या दिशेने नीट चुंबकित होऊन बसतो. हे मला कसं माहीत? कारण टेपवर रेकॉर्डिंग याच युक्तीने व्हायचं. एसी बायस म्हणतात ते हेच. वरचा जलद प्रवाह टेप हेडापासून लांब जाताना ओसरतो आणि मागे गाण्याचं चुंबकत्व ठसतं.

आता मूव्हिंग कॉइलचा गाभा कुठे बसलाय? कार्ट्रिजच्या चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध. चोवीस तास. पेटी लावली तेव्हाही तिथेच, काढली तेव्हाही तिथेच. म्हणजे पेटीने काही केलंच असेल तर आमच्या भाषेत गाभ्यावर कार्ट्रिजच्या चुंबकाचं रेकॉर्डिंग केलं.

खरखर

काका, हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. पंधरा वर्षं लोक ज्याला धुणं म्हणतात ते रंगवणं निघालं.

गंधार

स्पूलकाका, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण टेप आणि कार्ट्रिज यांची तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. कार्ट्रिजचा गाभा हलतो. हलताना त्यातलं क्षेत्र सारखं बदलतं आणि लोखंडाच्या आतले चुंबकीय कप्पे धक्क्याधक्क्याने फिरतात. बार्कहाउझन परिणाम, १९१९ सालापासून ज्ञात आहे. तो गोंगाट कमी होत असेल तर? सगळंच आकड्यांत बसत नाही.

पन्नासहर्ट्झ

बार्कहाउझन परिणाम खरा आहे, मान्य. पण तो क्षेत्र बदलतंय म्हणून होतो. आज सकाळी पेटी लावली म्हणून दुपारी रेकॉर्ड वाजताना क्षेत्र बदलायचं थांबत नाही.

आकड्यांचं म्हणाल तर बसवून बघू. गंधार यांच्या पेटीत किती प्रवाह असतो मला ठाऊक नाही, म्हणून उदार होऊन १० मिलिअँपिअर धरतो. गुंडाळी १०० वेढ्यांची, लांबी ५ मिलिमीटर. वेढे गुणिले प्रवाह भागिले लांबी, मीटरला २०० अँपिअर. मोकळ्या हवेत ते पाव मिलिटेस्ला. आपल्या गोव्यात पृथ्वीचं चुंबकत्व साधारण ०.०४ मिलिटेस्ला असतं, म्हणजे पेटीचा जोर त्याच्या सहापट. होकायंत्र हलेल इतपत. आणि कार्ट्रिजच्या ध्रुवांमधलं क्षेत्र शेकडो मिलिटेस्ला. हजारपट फरक. मांडवीच्या पुलाखाली भरतीच्या वेळी पेलाभर पाणी ओतून पातळी वाढवल्यासारखं आहे हे.

शिवाय ज्यांच्या कार्ट्रिजचा गाभाच चुंबकीय नाही त्यांचं काय? बेंझ कंपनीच्या रुबी कार्ट्रिजमध्ये गुंडाळी माणकाच्या पातळ चकतीवर असते. माणिक काय चुंबकित होणार? तरी पेटी लावून सुधारणा झाली म्हणणारे लोक मला भेटलेत. माणकालाही गुण येत असेल तर मग ते ज्योतिषाचं खातं झालं.

गंधार

माझ्याकडे रुबी नाही. माझं आणि बल्काव यांचं, दोघांचंही डीएल-१०३ आहे, लोहयुक्त गाभ्याचं. आणि आई? आईंना कसं ऐकू आलं?

खरखर

आईचा मुद्दा वजनदार आहे. या धाग्यावर सर्वात निःपक्षपाती कान तोच.

बल्काव

मीही त्यावरच अडलोय. काकांचं पटतं, पन्नासहर्ट्झ यांचं पटतं, पण आवाज सुधारला हेही खरं आहे. मी स्वप्न नाही बघितलं. बुवा डावीकडे होते ते मध्ये आले.

पन्नासहर्ट्झ

बल्काव, तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच उत्तर लिहून ठेवलंय, कुणी वाचलं नाही. मीही नाही. आता परत वाचलं. "पिना काढल्या, पेटीत खोचल्या, पिना परत जागेवर."

त्या आरसीए पिना याआधी कधी काढल्या होत्या?

बल्काव

टर्नटेबल या खोलीत आणलं तेव्हा. चार वर्षं झाली असतील. पाच.

पन्नासहर्ट्झ

पाच पावसाळे. खारी दमट हवा. आता ऐका.

डीएल-१०३ मधून येतात ०.३ मिलिव्होल्ट. एका व्होल्टचा तीन-साडेतीन हजारावा भाग. पिनांवर ऑक्साइडचा, सल्फाइडचा पातळ थर चढतो. पंख्याच्या बटणात असा थर असला तरी २३० व्होल्ट तो फोडून जातात, तुम्हाला कळतही नाही. ०.३ मिलिव्होल्टच्या अंगात तो थर फोडायची ताकद नाही. तो जिथे सापडेल तिथून वाट काढतो, नाही सापडली की एक बाजू खाली जाते. तापमान बदललं, कुणी टेबलाला धक्का दिला, की वाट बदलते. म्हणून तुमचे बुवा कधी सरकायचे, कधी जागेवर यायचे. चुंबकत्व असं दिवसातून दोनदा मूड बदलत नाही.

आणि पीन ओढून काढली, पेटीत खोचली, परत काढली, परत खोचली, की धातूवर धातू चार वेळा घासला. थर खरवडला गेला. आईंनी ऐकलं ते हे.

प्रयोग फुकट आहे. दोन-तीन आठवडे थांबा. आवाज परत बिघडला तर पेटी न लावता फक्त पिना चार वेळा काढा-घाला.

गंधार

शक्यता म्हणून मान्य. सिद्ध झालेलं नाही.

तिसरी घंटा (पेडणे)

एवढं सगळं करण्यापेक्षा फोनवर ऐका की. एका तबकडीसाठी माणूस पदवीचा अभ्यास करतोय.

आबोली

तिसरी घंटा, तुमच्या फोनवर जे केसरबाईंचं गाणं येतं ना, ते १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानावर तबकडी करूनच पाठवलं. आपल्या केरीच्या बाई, साडेतीन मिनिटांची भैरवी, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या. आणि नासाने तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईसुद्धा ठेवलीय. ज्यांना कुणाला सापडेल त्यांनी आधी पिना पुसाव्यात एवढीच इच्छा.

खरखर

आबोलीताई __/\__

स्पूलवाला

आणखी एक शक्यता राहिली. गंधार, तू आलास तेव्हा रेकॉर्ड किती वेळ वाजत होती?

गंधार

बल्काव यांनी आधी एक बाजू पूर्ण ऐकवली, "बघ कसं वाजतंय" म्हणून. मग पेटी. मग परत तीच बाजू.

स्पूलवाला

आणि एसी?

बल्काव

पाहुणे आले म्हणून लावला होता. चहा झाल्यावर बंद केला, आईला थंडी वाजते.

स्पूलवाला

हां. सुईच्या मुळाशी रबराची छोटी चकती असते, तिच्यावर सगळा कँटिलिव्हर तोलून धरलेला. रबर थंडीत ताठरतं, उबेत मऊ होतं. एसीत गार पडलेलं कार्ट्रिज पहिल्या बाजूला जरा आखडलेलं वाजतं, खोली आणि रबर उबेला आलं की मोकळं होतं. पन्नासहर्ट्झने सांगितलेलं कारण मोठं, हे लहान. पण दोन्ही एकाच दिशेने, आणि दोन्ही पेटीच्या खात्यावर जमा झाले.

गंधार

म्हणजे माझ्या पेटीला कुठलंही श्रेय द्यायचंच नाही असं ठरवूनच बसलात.

बरं, मी खेळाडू माणूस आहे. समोरासमोर बसून ऐकू. बल्काव यांच्याकडे, रविवारी. न बघता.

बल्काव

या सगळे. आई पातोळ्या करेल.

खरखर

वृत्तांत मी लिहितो, कारण बाकीच्यांची बोटं गुळाची आहेत.

हजर : बल्काव, गंधार, पन्नासहर्ट्झ, मी, आणि पंच म्हणून बल्काव यांची आठवीतली भाची. स्पूलकाका पावसामुळे आले नाहीत, फोनवरून सूचना देत होते.

नियम असे. टर्नटेबल पडद्यामागे. प्रत्येक फेरीत भाची नाणं उडवणार. छाप आली तर पिना पेटीत खोचून बटण दाबायचं, काटा आला तर पिना पेटीत खोचायच्या पण बटण नाही. दोन्ही वेळा तितकाच वेळ थांबायचं, दोन्ही वेळा पिना परत लावायच्या. म्हणजे घासणं सारखं, फरक फक्त पेटीच्या प्रवाहाचा. मग तोच दोन मिनिटांचा तुकडा. गंधारने कागदावर लिहायचं, प्रवाह लागला की नाही. एसी सकाळपासून बंद, पंखाही बंद. आम्ही घामाने निथळत विज्ञानाची सेवा केली.

पाचव्या फेरीत पोदेर (पाववाला) आला. पों पों पों. बल्काव यांच्या आईने बल्कावातून (घराच्या ओसरीतून) उंडे घेतले, सुट्ट्या पैशांवरून बरीच चर्चा झाली. फेरी बाद, परत घेतली.

१२ फेऱ्या. गंधारची ७ उत्तरं बरोबर. मीही बाजूला बसून लिहीत होतो, माझी ५. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर ६ च्या आसपासच आली असती. भाचीने विचारलं, "मामा, मग मी एकटीनेच खेळले असते तरी चाललं असतं ना?"

गंधारबद्दल सांगायला हवं. नवव्या फेरीला त्याने स्वतःच पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, खरं सांगू, मी आता आठवून लिहितोय, ऐकून नाही. तरी १२ पूर्ण केल्या.

गंधार

वृत्तांत खरा आहे. माझं म्हणणं एवढंच : तुकडा दोन मिनिटांचा होता. संथ आलापीची पूर्ण बाजू ऐकल्याशिवाय काही गोष्टी उमटत नाहीत. आणि १२ फेऱ्यांनी काही नाही हेही सिद्ध होत नाही. पेटी विकत नाहीये. पण दोन महिन्यांतून एकदाचा नेम बहुतेक मोडेल.

पन्नासहर्ट्झ

१२ फेऱ्यांनी अगदी बारीक फरक निसटू शकतो, बरोबर. पण आपण ज्याबद्दल सुरुवात केली तो फरक स्वयंपाकघरातून ऐकू येत होता.

खरी गोष्ट त्यानंतर घडली, ती खरखरने लिहिली नाही, कारण तो पातोळ्यांवर होता. आम्ही हेडशेल (टोनआर्मचं पुढचं टोक, ज्यात कार्ट्रिज बसतं) सुटं केलं आणि भिंगातून बघितलं. मागच्या चार पिनांवर चार क्लिपा. पांढरी, निळी ठीक. हिरवी मळकट. आणि लाल, उजव्या बाजूची, तिच्या तोंडाशी हिरवट-निळा चुरा, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर असतो तसा. पाच वर्षांत आरसीए पिना एकदा तरी हलल्या, या क्लिपा कधीच नाहीत. बुवांना डावीकडे ढकलणारी खरी आरोपी हीच.

टूथपिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जमेल तेवढं पुसलं. घासपेपर वापरू नका, पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, तो गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज.

आबोली

मल्टिमीटर लावून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं ना, कुठली बाजू तुटलीय ते?

पन्नासहर्ट्झ

मोह होतो, पण मूव्हिंग कॉइलला मी लावत नाही. ४० ओहमची गुंडाळी, केसाहून बारीक तार, त्यात मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो. आणि ज्यांच्याकडे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा) आहे त्यांनी तर ट्रान्सफॉर्मर जोडलेला असताना मुळीच नको. त्याचा गाभा म्यूमेटलसारख्या फार हळव्या धातूचा असतो. मीटरचा एकदिश प्रवाह त्याला चुंबकित करून ठेवतो.

गंमत बघा, इथे मात्र स्पूलकाकांची अट पुरी होते. ट्रान्सफॉर्मरच्या आत कायमचं चुंबक नाही. तो चुंबकित झाला तर तसाच राहतो, आणि ओसरत जाणाऱ्या उलटसुलट प्रवाहाने खरोखर मोकळा होतो. गंधार, तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर आहे का?

गंधार

आहे!! पेटी वाया गेली नाही!!

स्पूलवाला

बघा, चेहरा फुलला पोराचा.

एक राहिलं. पिना शॉर्ट करून रेकॉर्ड वाजवली की कार्ट्रिज आपोआप डीमॅग्नेटाइज होतं असं एक जण मला परवा सांगत होता. ०.३ मिलिव्होल्ट भागिले ४० ओहम. साडेसात मायक्रोअँपिअर. पन्नासहर्ट्झच्या १० मिलिअँपिअरने जिथे काही हललं नाही तिथे हे त्याच्याही हजाराव्या भागाहून कमी. नुकसान नाही, पण त्यापेक्षा तेवढा वेळ सुई पुसा.

बल्काव

मंडळी, एक घोळ झालाय.

परवा तुम्ही गेल्यावर आवाज छान होता. काल म्हटलं लाल क्लिप अजून नीट साफ करू. चिमट्याने धरून ओढली. क्लिप आली नाही. जोर लावला. क्लिप आली, वायर चिमट्यात राहिली. म्हणजे क्लिप एका हातात, लाल वायर दुसऱ्या हातात. आता उजवी बाजू पूर्ण मुकी. बुवा डाव्या स्पीकरमध्ये राहायलाच गेलेत.

फोंड्यात एकाला विचारलं, तो म्हणाला इतकं बारीक सोल्डरिंग करत नाही, मोबाइलवाल्याकडे जा. मोबाइलवाला म्हणाला हे काय आहे?

खरखर

चिमटा क्लिपेवर धरायचा असतो, वायरवर नाही. असो, एम-४४ चा खुनी असून मी कोणाला शिकवतोय.

माझ्याकडे बारीक टोकाची सोल्डरिंग गन आहे आणि सुट्या क्लिपाही आहेत. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येताय ना? हेडशेल सुटं करून घेऊन या. चारही वायरी बदलून टाकू, पाच वर्षांच्या जुन्या ठेवून काय करायचंय.

पन्नासहर्ट्झ

खरखर, क्लिप पिनेवर असताना गन लावू नकोस. आधी क्लिप सुटी, सोल्डर, गार होऊ दे, मग पिनेवर. पिनेतून उष्णता आत गेली की आतली तार सुटते, आणि ती जोडणारा माणूस गोव्यात नाही.

खरखर

होय सर.

गंधार

बल्काव, सुईवर टोपण घाला. आणि आणताना लोखंडी डब्यात आणू नका. आतलं चुंबक चांगलंच जोरदार असतं, झाकणाला जाऊन चिकटलं तर सुईवर आपटेल.

बल्काव

आईने चकलीचा स्टीलचा डबा रिकामा करून ठेवला होता. फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही. चालेल?

खरखर

चालेल. रिकामा कशाला केला पण?